गोठ्यातलं पोपटांचं टेबल

पारव्यांची घाण ओली असताना उचलायची नाही, वाळून खडखडीत झाली की पत्र्याच्या तुकड्यानं खरवडायची, हे रत्नमालेला रामेश्वरशेठनं शिकवलं. वाळूजला एक बंद पडलेलं गोदाम होतं. त्याच्या छपराखालच्या लोखंडी कैच्यांवर शेकडो पारवे बसत आणि खाली फरशीवर बोटभर थर साचे. रत्नमाला पदर नाकाला गच्च बांधून आत शिरायची आणि अर्धी गोणी भरून कारखान्यात आणायची. मग ती घाण पाण्यात कालवून नव्याकोऱ्या सागवानी टेबलावर जागोजाग टाकायची, दोन दिवस उन्हात ठेवायची आणि ओल्या फडक्यानं पुसून घ्यायची. पुसल्यावर जो पांढुरका चट्टा उरे तो शेठला हवा असे. ह्या चट्ट्यानं टेबलाचं वय शंभर वर्षांनी वाढतं, असं तो म्हणायचा. त्या दिवशी रत्नमालेला जेवण जात नसे. हात तीनदा धुतले तरी भाकरीला तोच वास येतोय असं वाटायचं.

रत्नमाला मेंढरांमागं वाढलेली बाई. कन्नडकडच्या माळावर तिच्या बापाचा मेंढरं कोंडायचा वाडगा होता आणि लग्न होईस्तोवर तिचे दिवस मेंढरांच्या पाठीमागंच गेले. होला कुठं बसतो, लावरीचं अंडं कोणत्या गवतात सापडतं, पाऊस लांबला की टिटवी कशी ओरडते, हे तिला शिकावं लागलं नाही. सोमनाथशी लग्न होऊन ती बजाजनगरात दोन खोल्यांत आली. सोमनाथ वाळूजच्या एका कंपनीत मशीनवर होता. पोरं शाळेला लागल्यावर ती रामेश्वरशेठच्या फर्निचरच्या कारखान्यात घासकामाला जाऊ लागली. आधी नुसता पॉलिश पेपर मारायचा, पुढं ती लाखदाण्याचं पॉलिश शिकली. लाखदाणा स्पिरिटमध्ये भिजत घालायचा, कापसाची गादी चिंधीत बांधायची आणि गोल गोल हात फिरवत लाकडाच्या अंगात ते जिरवायचं. वर्षं गेली तसा तिचा हात असा बसला, की शेठ महागाच्या मालाला दुसऱ्या कुणाचा हात लागू देईना.

कारखान्याचा मुख्य माल म्हणजे कन्सोल टेबल. भिंतीला चिकटून उभं राहणारं, वीतदीडवीत रुंदीचं, लांबट टेबल. त्यावर कुणी जेवत नाही, कुणी लिहीत नाही. आत आल्या आल्या पाहुण्याच्या डोळ्यांत भरावं, एवढंच त्याचं काम. नव्या पद्धतीची जी टेबलं होती त्यांना लोखंडी पाय असत, एका पायावर उभ्या बगळ्यासारखे वळवलेले. ती रत्नमालेला आवडायची. बगळा बगळ्यासारखा दिसायचा आणि टेबल कालचं आहे हे कुणी लपवत नसे. दुसरी असत ती कोरीव. त्यांची नक्षी सांडूमामा करायचा, साठीचा कारागीर, तोंडात कायम लवंग धरलेला. टेबलाच्या पुढच्या पट्टीवर तो आंब्याच्या फांदीवर चोचीला चोच लावलेले दोन पोपट कोरायचा आणि पायांना मोरांच्या माना. पहिल्याच आठवड्यात रत्नमालेनं त्याची चूक काढली होती. पोपटाची दोन बोटं पुढं असतात आणि दोन मागं, तुम्ही तीन पुढं काढलीत, असं ती म्हणाली. मामानं तिच्याकडं बघितलं आणि पुढच्या टेबलापासून दोन-दोन बोटं काढू लागला.

ही कोरीव टेबलं सरळ विकली जात होती तोवर सगळं ठीक होतं. पण गिऱ्हाईक बगळ्यांकडं वळलं आणि पोपटांची टेबलं गोदामात पडून राहू लागली. तेव्हा शेठच्या डोक्यात जुन्या मालाचं खूळ शिरलं. उकळलेल्या चहाच्या पाण्यानं लाकूड तांबूस करायचं. गंजके खिळे शिरक्यात बुडवून ठेवायचे आणि ते पाणी फासून कोपरे काळवंडायचे. सायकलच्या चेनीनं टेबलाला बडवायचं, बारीक गिरमिटानं किडीची भोकं पाडायची. ज्या हातांनी रत्नमाला लाकूड आरशासारखं करायची, त्याच हातांनी तिला ते नासवायला लागलं.  ती चेन उचलायची तेव्हा सांडूमामा मान फिरवून दुसऱ्या कोपऱ्यात जाऊन बसायचा.

एवढ्यावर भागलं असतं तर तिनं निभावून नेलंही असतं. पण शोरूममध्ये ठेवलेल्या जुन्या टेबलाकडं लोक संशयानं बघत. गिऱ्हाइकाला आपण स्वतः शोधलं असं वाटलं पाहिजे, हे शेठनं हेरलं. त्याच्या घरची जमीन कन्नडजवळ होती, शेतात गोठा होता. त्यानं एक टेबल तिथं नेऊन टाकलं, वर कडब्याच्या पेंढ्या रचल्या, एका टोकाला खुराडं ठेवलं आणि मोबाइलवर जाहिरात दिली. फोटो मुद्दाम अंधुक काढलेला, खाली मजकूर चुकीच्या शुद्धलेखनात. मग त्यानं रत्नमालेला बाजूला बोलावून काम सांगितलं. गिऱ्हाईक आलं की गोठ्यात तिनं असायचं. एका जहागीरदाराचा बंगला मोडला तेव्हा तिच्या आजेसासऱ्याला हे टेबल मिळालं, असं सांगायचं. आणि बाई विधवा असली तर बरं, कारण बाप्या माणूस घरात असला की लोक खोलात चौकशी करतात.

"माझा मालक जिता हाय, शेठ," रत्नमाला म्हणाली.

"मी कुठं मारायला सांगतोय? तेवढ्या वेळापुरती टिकली काढायची, पोत काढून ठेवायची. नाटकात नाय का करत?"

तिनं नाही म्हणायला पाहिजे होतं. पुढं कितीतरी वेळा तिनं स्वतःला हे सांगितलं. पण लेकीचं नर्सिंगचं पहिलं वर्ष होतं, शेठ पगाराच्या वर देणार होता, आणि बारा वर्षं ज्याच्याकडं काम केलं त्याला तोंडावर नाही म्हणायची तिची जीभ वळली नाही.

पहिलं गिऱ्हाईक आलं ते रविवारी दुपारी. शहरातल्या पुंडलिकनगरचा अतुल नावाचा पस्तिशीचा माणूस, त्याची बायको तनुजा, आणि गाडीत मागं बसलेली त्याची आई वच्छलाबाई. म्हातारीचे गुडघे दुखत होते म्हणून ती गाडीतच थांबली. रत्नमालेनं तिला तांब्याभर पाणी नेऊन दिलं. म्हातारीचंही कपाळ रिकामं होतं. पाणी पिता पिता तिनं रत्नमालेच्या कपाळाकडं बघितलं आणि तिचा हात धरून क्षणभर तसाच ठेवला. रत्नमालेनं तो सोडवून घेतला.

आत अतुल पेंढ्या बाजूला करत होता. पोपट दिसले तसे त्याचे डोळे लकाकले, पण त्यानं लगेच तोंड वाकडं केलं. तनुजा चट्ट्यावरून नख फिरवत इंग्रजीत काहीतरी पुटपुटली. मग दोघांनी मिळून टेबलाची निंदा सुरू केली. कीड लागलीय, पाय हलतोय, कोंबड्यांनी नासवलंय, सरपणाच्याच लायकीचं आहे. ह्या बाईला आपल्या घरात काय पडलंय ते कळत नाही, ह्या आनंदानं त्यांचे चेहरे तेलकट झाले होते. शेठनं सांगितलेली किंमत रत्नमालेनं सांगितली. अतुलनं निम्म्याच्याही खाली मागितली. मालक गेल्यावर पोरांना पैसा लागत असेल ना मावशी, आज रोख मिळतोय, उद्या कोण विचारणार, असं तनुजा गोड आवाजात म्हणाली. तो गोड आवाज रत्नमालेच्या अंगावर पालीसारखा फिरला. खरीच कुणी गरजू विधवा इथं उभी असती तर हिनं तिचीही अशीच कातडी सोलली असती, हे तिला कळलं. आणि आपण उभ्या आहोत त्या खरीच्याच जागी, खोटं कपाळ घेऊन, हेही त्याच्याबरोबरच कळलं. कुणाची किळस जास्त करावी ते तिला उमजेना.

शेठनं ठरवून दिलेल्या खालच्या आकड्याला सौदा पटला. जाताना अतुलनं बायकोला हळूच टाळी दिली. गाडीतली म्हातारी काचेतून मागं बघत राहिली.

घरी आल्यावर तिनं सोमनाथला सगळं सांगितलं. तो रागावेल, उद्यापासून जाऊ नको म्हणेल, असं तिला वाटलं होतं. मनातून तिला तेच हवं होतं. सोमनाथनं जेवता जेवता ऐकून घेतलं.

"मी कशानं मेलो म्हनं?" त्यानं विचारलं.

"अटॅकनं."

तो हसला. म्हणाला, बरं झालं, लई तरास नाय झाला. आणि त्यानं आमटी वाढून घेतली. रत्नमाला ताटावरून उठली. लग्नानंतरच्या इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिला नवऱ्याच्या जेवण्याचा आवाज सहन होईना.

त्यानंतर तीन आठवड्यांत आणखी दोन टेबलं गेली. माणसं बदलली, तोंडं तीच. एकानं तिला तिच्याच टेबलाचा इतिहास समजावून सांगितला. एका बाईनं टेबल गाडीवर चढल्यावर तिच्या हातात बिस्किटाचा पुडा दिला आणि त्याचाही फोटो काढला. रत्नमालेनं तो पुडा म्हशीपुढं टाकला.

चौथं टेबल गोठ्यात आणून ठेवलं त्या रविवारी गिऱ्हाईक संध्याकाळी येणार होतं. शेठ तिला सोडून फाट्यावरच्या हॉटेलात जाऊन बसला. दुपारी बाराच्या सुमाराला रस्त्यावर एक जीप थांबली आणि तिच्यातून वच्छलाबाई उतरली, एकटीच. हातात पिशवी, गुडघ्यांनी वाकलेली. पुंडलिकनगरातून स्टँड, स्टँडवरून कन्नडची एसटी, तिथून जीप, असं करत ती आली होती.

बांधावर टेकून तिनं आधी श्वास घेतला. मग पिशवीतून एक नवी साडी काढली, बारीक काठाची, विधवेला चालेल अशी. डब्यात पुरणपोळ्या होत्या. पोरानं तुला लुटलं, लेकी, असं ती म्हणाली. टेबल घरी आलं त्या दिवशी अतुल आणि तनुजा येईल त्याला सांगत होते, की एवढं मोठं घबाड मातीमोल भावात कसं मिळालं, बाई कशी अडाणी होती. लोक हसत होते.  त्या टेबलासमोरून जाताना आपल्याच घरात चोरी करून आणलेली वस्तू मांडलीय असं म्हातारीला वाटे. तिनं पोराला आणखी पैसे देऊन यायला सांगितलं, तर त्यानं तिला वेड्यात काढलं. म्हणून तिनं स्वतःच्या पेन्शनीतले थोडे आणले होते, ते रुमालाच्या गाठीत होते.

 नको, असं म्हणत ती मागं मागं सरकली. म्हातारी तिच्यामागून गोठ्यात आली. कडब्याच्या पेंढ्यांखालून टेबलाचं एक टोक दिसत होतं. वच्छलाबाईनं पेंढी उचलली. तेच दोन पोपट, चोचीला चोच.

"ह्ये बी तसंच?" तिनं विचारलं.

"जोडी व्हती," रत्नमाला बोलून गेली. कुणी दुसरं टेबल बघितलं तर काय सांगायचं, ते शेठनं घोकून घेतलेलं होतं.

म्हातारीनं लगेच विश्वास ठेवला. तिचे डोळे भरून आले. आता ही जोडही विकायला काढलीस का गं, एवढी येळ आली का तुझ्यावर, असं म्हणत तिनं रत्नमालेला पोटाशी धरलं. मग तिथंच पेंढीवर बसून ती स्वतःच्या मालकाबद्दल सांगू लागली. साखर कारखान्यावर वजनकाट्याला होता तो. थंडीतल्या एका सकाळी अंगण झाडताना तिनं त्याला चहा घ्यायला हाक मारली, आणि त्यानं ओ दिली नाही. दोनदा मारली, तीनदा मारली. त्याची सवयच होती उशिरा ओ द्यायची, म्हणून ती झाडत राहिली. सगळं अंगण झाडून झाल्यावर आत गेली. तेवढा वेळ आपण झाडत का राहिलो, हे अकरा वर्षं झाली तरी तिला सुटत नव्हतं.

"तुझं कसं झालं, लेकी? शेवटाला तू जवळ व्हतीस का?"

रत्नमालेनं तोंड उघडलं. अटॅक, छातीत कळ आली, रिक्षा मिळाली नाही, हे सगळं जिभेवर तयार होतं. तीन गिऱ्हाइकांना तिनं ते न अडखळता सांगितलं होतं. पण घशातून ते वर येईना. पोटातून दुसरंच काही वर आलं. ती गोठ्याबाहेर पळाली आणि गव्हाणीला धरून ओकली. म्हातारी मागून येऊन तिची पाठ चोळू लागली.

"मावशी, हात लावू नका," ती म्हणाली. "माझा मालक जिता हाय. आज सुट्टी हाय त्याला, घरी झोपला असंल. ह्ये टेबल मीच जुनं केलंय. तुमचं बी."

पाठीवरचा हात थांबला. मग निघाला.

 रत्नमालेनं तोंड धुतलं आणि एकेक करून सगळं सांगितलं, चहाचं पाणी, चेन, पारव्यांची गोणी, शेठ, बिनटिकलीचं कपाळ. काही झाकलं नाही. वच्छलाबाई ऐकत उभी होती. तिनं साडी उचलली, घडी नीट केली, पिशवीत घातली. डबा घातला. पदराच्या टोकानं तिनं स्वतःचे दोन्ही हात पुसले, ज्या हातांनी तिनं रत्नमालेला धरलं होतं ते.

"आधी कपाळाला काहीतरी लाव," ती म्हणाली. "जित्या माणसाचं असलं सोंग बघवत नाय मला. आन् चल माझ्यासंगं. माझ्या पोरासमोर सांग ह्ये."

कन्नडच्या स्टँडवर रत्नमालेनं टिकल्यांचं पाकीट घेतलं आणि पोत गळ्यात घातली. एसटीत तिच्या शेजारची जागा रिकामी होती, पण वच्छलाबाई पुढं जाऊन दुसऱ्याच बाईशेजारी बसली. शहर येईपर्यंत तिनं एकदाही मागं वळून बघितलं नाही. शेठचे फोन येत राहिले. रत्नमालेनं मोबाइल बंद केला.

पुंडलिकनगरात दार उघडताच समोर टेबल होतं. वर पितळी दिवा, चाव्यांची वाटी, आणि तो पांढुरका चट्टा मुद्दाम दिसेल असा मोकळा ठेवलेला. टिकली लावलेल्या रत्नमालेला अतुलनं ओळखलंच नाही. म्हातारीनं सांगितल्यावर ओळखलं, आणि आधी त्याला वाटलं की बाई टेबल परत मागायला आलीय. सौदा झालाय, आता काही होणार नाही, असं तो गुरकावला. रत्नमालेनं तनुजाकडं नखांचं पॉलिश काढायची बाटली मागितली. कापसाचा बोळा भिजवून तिनं टेबलाच्या खालच्या अंगाला घासला. कापूस तांबडाकाळा झाला आणि खाली पिवळं, ताजं सागवान उघडं पडलं. बोटभर जागा. पण त्यात सगळं दिसत होतं.

अतुलनं पहिलं काय केलं असेल, तर उघडं दार लावून घेतलं. मग आवाज खाली आणून त्यानं विचारलं, की हे आणखी कुणाला माहीत आहे. मग त्याचा राग उसळला. चोर आहात तुम्ही लोक, आत्ता पोलिसांत देतो, असं तो म्हणाला.

"पोलिसांला काय सांगशील?" वच्छलाबाईनं विचारलं. "विधवा बाईला लुबाडायला गेलो आन् फसलो, आसं?"

 तनुजानं मधल्या वेळात टेबलाखाली वाकून ती जागा बघितली होती. खालच्या अंगाला आहे, कुणाला दिसणार नाही, असं ती म्हणाली. ह्यांचे साहेब येऊन गेलेत, नणंदेनं फोटो घेतलेत, आता उगाच कशाला गाजावाजा. तिनं रत्नमालेला विचारलं, की तेवढा भाग आत्ताच्या आत्ता पहिल्यासारखा करून देता येईल का. टेबल बाहेर काढायचं कुणाच्याच डोक्यात नव्हतं.

वच्छलाबाई आत निघून गेली. रत्नमाला जिना उतरली आणि रस्त्यावर येऊन गटारात थुंकली.

दुसऱ्या दिवशी तिनं शेठला काम सोडल्याचं सांगितलं. त्यानं आरडाओरडा केला नाही. गिऱ्हाइकानं माल ठेवून घेतला ना, मग तुला कसली टोचणी, एवढंच त्याला नवल वाटत होतं. तुझ्यासारखा हात मिळणार नाही, पण गोठ्यात बसायला बाया ढीगभर मिळतील, असं म्हणून तो फोनवर बोलू लागला. पंधरा दिवसांत चंपाबाई नावाची एक बाई तिथं बसू लागल्याचं तिच्या कानावर आलं. काम सोडलं त्या दिवशी जाता जाता रत्नमाला सांडूमामाकडं गेली होती. तुम्हाला काहीच वाटत नाही का, असं तिनं विचारलं. मामानं पटाशी खाली ठेवली नाही. मी पोपट कोरतो, तो दीडशे वर्षांचा हाय आसं मी कुणाला म्हनलो नाय, असं तो म्हणाला. तिला त्याचाही राग आला. पण राग टिकेना, कारण बोलता बोलता म्हाताऱ्याची पटाशी घसरून पोपटाच्या चोचीला खाच पडली होती.

सोमनाथशी ती आठवडाभर बोलली नाही. काय चुकलं ते त्याला कळायला तेवढे दिवस लागले. एका सकाळी त्यानं तिच्यासमोर टिकल्यांचं नवं पाकीट ठेवलं आणि कामावर गेला. तिनं ते घेतलं. माफ केलं की नाही, ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

आता ती घरोघर जाऊन दारं, पलंग, देव्हारे पॉलिश करते. बजाजनगरात तिचं नाव झालंय. मध्यंतरी दसऱ्याच्या आधी बाजारात तिला वच्छलाबाई भेटली. म्हातारी आधी पुढं गेली, मग थांबली. टेबल अजून तिथंच आहे, असं तिनं सांगितलं. अतुल अजून पाहुण्यांना विधवेची गोष्ट सांगतो. आता त्यात त्यानं भर घातलीय, की आम्हाला वाईट वाटलं म्हणून आई स्वतः जाऊन तिला साडी देऊन आली. पाहुणे आईकडं कौतुकानं बघतात आणि तिला तिथून उठून जावं लागतं.

"पोटचा हाय," ती म्हणाली. "त्याला कुठं टाकू?"

 म्हातारीच्या हातात भाजीची जड पिशवी होती. ती घ्यायला रत्नमालेनं हात पुढं केला. वच्छलाबाईनं थोडा वेळ त्या हाताकडं बघितलं, स्पिरिटनं भेगाळलेल्या, नखांत लाख बसलेल्या. मग तिनं पिशवीचा एकच बंद तिला दिला, दुसरा स्वतःकडं ठेवला, आणि दोघी रिक्षापर्यंत चालत गेल्या.